मॉरिशसचे धबधबे आणि तिथली माणसे

आंबोलीच्या घाटात पावसाळ्यात कोसळणारे पाणी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. ठोसेघर पाहिले असेल. ज्यांना इतके लांब जायला जमले नाही, त्यांनी निदान आपल्या गावच्या डोंगरावरून आषाढात उतरणारी पांढरी धार तरी पाहिलीच असेल. कातळ काळा, पाणी पांढरे आणि भोवती हिरवे रान, हे चित्र मराठी माणसाला सांगावे लागत नाही. आज मी तुम्हाला अशाच काळ्या कातळावरून पडणाऱ्या पाण्याकडे नेणार आहे. पण ते पाणी हिंदी महासागराच्या पलीकडे, मॉरिशस नावाच्या बेटावर आहे.

नकाशा असेल तर समोर घ्या. आफ्रिकेच्या पूर्वेला मादागास्कर हे मोठे बेट दिसेल. त्याच्याही पूर्वेला सुमारे 800 किलोमीटरांवर एक ठिपका आहे, तो मॉरिशस. क्षेत्रफळ 1,865 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या पावपटीहूनही थोडे कमी. एवढ्याशा जागेत डोंगर आहेत, पठार आहे, नद्या आहेत आणि धबधबे तर ठायी ठायी आहेत. आता तुम्ही विचाराल, इतक्या लहान बेटावर इतके धबधबे कसे?

त्याचे उत्तर जमिनीच्या पोटात आहे. हे सारे बेट ज्वालामुखीतून वर आलेले. त्याचे सर्वांत जुने खडक सुमारे 80 लाख वर्षांपूर्वीचे. मधोमध उंच पठार आणि त्याच्या कडेने तुटलेले डोंगर. समुद्रावरचा वारा वर्षातला बहुतेक काळ आग्नेयेकडून येतो, पठारावर चढताना गार होतो आणि तिथे पाऊस टाकतो. पठारावर वर्षाकाठी 4,000 मिलिमीटरांपर्यंत पाऊस, तर पश्चिम किनाऱ्यावर हजारसुद्धा नाही. आपल्याकडे कोकणात धो धो पाऊस आणि माणदेशात आभाळाकडे डोळे, तसाच प्रकार. फक्त दिशा उलटी. पठारावर साठलेले पाणी चहूबाजूंनी समुद्राकडे धावते आणि पठाराची कड संपली की उडी घेते. झाला धबधबा!

आणखी एक गोष्ट शिक्षक मंडळींनी वर्गात जरूर सांगावी. ज्या तप्त झोताच्या जागेवर सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी आपल्या दख्खनचा लाव्हा बाहेर पडला, त्याच जागेवर पुढे मॉरिशस तयार झाले, असे भूशास्त्रज्ञ मानतात. जागा तीच राहिली, वरची जमीन सरकत गेली. हिंदुस्थानचा भूखंड तिच्यावरून उत्तरेला निघून गेला. मग फार उशिरा मॉरिशसचा जन्म झाला, आणि आज त्याच झोतावर शेजारचे रेयुनिओं बेट धुमसते आहे. म्हणजे सह्याद्रीचा कातळ आणि मॉरिशसचा कातळ ही एकाच चुलीवरची भाकरी. एक फार आधी उतरलेली, एक मागाहून.

पण मी काही भूशास्त्राचा माणूस नव्हे, इतिहासाचा आहे. म्हणून मला या धबधब्यांपाशी वेगळाच प्रश्न पडतो. इथे पहिल्यांदा कोण आले, आणि कशासाठी आले?

मॉरिशसवर मूळचे रहिवासी असे कोणी नव्हतेच. 1598 साली डच खलाशी उतरले, त्यांनी आपल्या राजपुत्र मॉरिसचे नाव बेटाला दिले, आणि 1710 साली ते कंटाळून निघून गेले. 1715 साली फ्रेंचांनी बेट घेतले. 1735 साली आलेला माहे द ला बुर्दोने हा त्यांचा कर्तबगार गव्हर्नर. पोर्ट लुई हे बंदर त्याने नावारूपाला आणले आणि शहराला पाणी मिळावे म्हणून नदीवरून कालवा बांधून आणला. शाळेच्या पुस्तकांत त्याची स्तुती असते, आणि ती काही खोटी नाही. पण कालवा खणला कोणी? मादागास्करहून आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून धरून आणलेल्या गुलामांनी. 1723 च्या फ्रेंच कायद्यात लिहिले होते की पळून गेलेला गुलाम सापडला तर पहिल्या खेपेला कान कापावेत व खांद्यावर डाग द्यावा, दुसऱ्या खेपेला पायाची शीर तोडावी आणि तिसऱ्या खेपेला देहान्त.

एवढा कायदा असूनही माणसे पळतच होती. पळून जायचे कुठे? बेटाच्या चारी बाजूंना समुद्र. तेव्हा ती नैर्ऋत्येच्या डोंगरांत शिरत. रिव्हिएर न्वार, म्हणजे काळी नदी, तिच्या घळी, शामारेलचे रान, ल मॉर्न नावाचा समुद्रात घुसलेला कडा. आज जिथे प्रवासी धबधबा पाहून फोटो काढतात, तेच हे रान. धबधब्याचा आवाज माणसाच्या पावलांचा आवाज झाकतो, घळीत प्यायला पाणी असते, आणि वर येणारी वाट एकच असते. लपणाऱ्याला आणखी काय हवे! ल मॉर्नच्या कड्याची एक कथा तिथली माणसे पिढ्यान् पिढ्या सांगत आली आहेत. 1 फेब्रुवारी 1835 रोजी गुलामगिरी संपली. ती बातमी द्यायला शिपाई डोंगराकडे निघाले. वरच्यांना वाटले, हे आपल्याला धरायलाच आले. आणि त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. कागदोपत्री पुरावा मागितला तर ही कथा तोंडीच चालत आली आहे. पण त्या डोंगरात पळून गेलेले लोक राहत होते याबद्दल शंका नाही. 2008 साली ल मॉर्नला जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले ते याच स्मृतीसाठी.

आता शामारेलला चला. बेटावरचा हा सर्वांत नावाजलेला धबधबा. एका सज्जावर उभे राहिले की समोर हिरव्यागार घळीत पाणी सुमारे 300 फूट सरळ खाली जाते. शेजारीच सात रंगांची माती म्हणून प्रसिद्ध असलेले उघडे टेकाड आहे: तांबडा, पिवळा, जांभळा असे रंग एकापुढे एक. गाव, धबधबा, माती या सर्वांना शामारेल हे नाव पडले ते शाझाल द शामारेल या फ्रेंच जमीनदार घराण्यावरून. त्या घराण्यातला तुसें आंत्वान द शाझाल हा चित्रकलेचा षोकी होता. त्याने 1806-07 च्या सुमारास एका इंग्रज कैद्याचे तैलचित्र काढले. ते चित्र आज ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडच्या कलासंग्रहालयात आहे. तो कैदी म्हणजे मॅथ्यू फ्लिंडर्स, ऑस्ट्रेलिया खंडाला आपल्या जहाजातून वळसा घालून त्याचा नकाशा करणारा दर्यावर्दी.

हा फ्लिंडर्स मॉरिशसला आला कसा? गलबत गळू लागले म्हणून 1803 च्या डिसेंबरात तो बंदरात शिरला. त्याला ठाऊक नव्हते की इंग्रज-फ्रेंच लढाई पुन्हा जुंपली आहे. गव्हर्नर देकां याने त्याला हेर समजून अडकवून ठेवले, ते थेट 1810 पर्यंत. साडेसहा वर्षे! 1805 पासून मात्र त्याला पठारावर एका फ्रेंच कुटुंबात राहण्याची मोकळीक मिळाली. तिथे त्याने फ्रेंच शिकावे, नकाशे पुरे करावेत आणि पायी हिंडावे. तामारिन नदीच्या कड्यांचे वर्णन त्याने आपल्या प्रवासवृत्तात केले आहे. बंदिवासातल्या माणसाने धबधब्यावर लिहावे याचे मला नेहमी नवल वाटते. ज्याला समुद्र ओलांडून घरी जायचे होते, तो समुद्राकडे धावणारे पाणी बघत बसला असेल. त्याचे पुस्तक 1814 च्या जुलैत छापून निघाले आणि दुसऱ्याच दिवशी तो वारला.

तामारिन या फ्रेंच शब्दाचा अर्थ चिंच. चिंचेला अरब लोक ‘तमर-इ-हिंद’, म्हणजे हिंदुस्थानचा खजूर म्हणत. त्याचाच हा अपभ्रंश. तेव्हा नावापासूनच या नदीला आपल्याकडचा वास आहे! पठाराच्या कडेवर हेन्रिएटा नावाचे गाव आहे. तिथून ही नदी एकाखाली एक अशा टप्प्यांनी दरीत उतरते. लोक ‘सात धबधबे’ म्हणतात. पण मोजणारे अकरापर्यंत मोजतात. लहानमोठे कोणते धरायचे यावर ते अवलंबून. आपल्याकडे सातबंगला, सातरस्ता म्हणतात तेव्हा तरी कोण मोजायला जातो! वरच्या टप्प्यावर उभे राहिले तर खाली खोल दरी, पुढे उसाचे सपाट पट्टे आणि शेवटी निळी समुद्राची रेघ, असा एकाच नजरेत सारा पश्चिम किनारा दिसतो. उतरायची वाट निसरडी आहे. वर पठारावर पाऊस झाला की खाली ऊन असतानासुद्धा पाणी एकाएकी चढते. म्हणून माहितगार बरोबर घेतल्याशिवाय कोणी उतरू नये. आणि लक्षात ठेवा, तिथले ऋतू आपल्या उलट. त्यांचा मोठा पाऊस जानेवारी ते मार्च. आपल्या विहिरी आटू लागतात तेव्हा त्यांचे धबधबे भरतात.

हेन्रिएटा गावापाशी आता थोडे थांबू या. इथून आपली गोष्ट सुरू होते.

1810 साली इंग्रजांनी बेट जिंकले. 1825 साली मॉरिशसच्या साखरेवरची जादा जकात विलायतेत उठली आणि जो तो ऊस लावू लागला. रान तुटू लागले. गंमत पाहा, याच बेटावर 1769 साली पियेर प्वाव्र या फ्रेंच कारभाऱ्याने हुकूम काढला होता की जमीनधारकाने चौथाई जमीन रानाखाली राखावी, विशेषतः डोंगरउतारावर, आणि पाण्याजवळचे रान तोडू नये. झाडे गेली की पाऊस आणि झरे जातात, हे त्याला अडीचशे वर्षांपूर्वी कळले होते. पण साखरेचा भाव चढला की असले हुकूम कोण वाचतो? आज बेटावरचे अस्सल मूळ जंगल शेकड्यात दोनसुद्धा उरलेले नाही.

ऊस वाढला आणि गुलामगिरी संपली, या दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. मालकांना सरकारने वीस लाख पौंडांवर नुकसानभरपाई दिली. गुलामांना काही नाही, उलट 1839 पर्यंत ‘उमेदवारी’च्या नावाखाली त्याच मालकाकडे राबायचे. ती मुदत संपताच बहुतेकांनी मळ्याकडे पाठ फिरवली. मग माणसे आणायची कुठून? हिंदुस्थानातून. 2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘अ‍ॅटलस’ नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून 36 मजूर पोर्ट लुईला उतरले. त्यांच्यामागून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे आली. त्यांतली पुष्कळशी परतली नाहीत.

त्याच्याही आधी हिंदी माणूस इथे होता बरं का. 1815 पासून बंगाल आणि मुंबई इलाख्यांतले जन्मठेपेचे कैदी मॉरिशसला धाडले जात. सडका आणि पूल ही त्यांची कामे. 1836 साली चार्ल्स डार्विन जगप्रवासात इथे काही दिवस राहिला. त्याला हे कैदी दिसले, सुमारे आठशे असल्याचे त्याने लिहिले आहे, आणि त्यांची रुबाबदार चेहरेपट्टी पाहून त्याला आश्चर्य वाटले. म्हणजे ज्या सडकांवरून गोरे साहेब धबधबे पाहायला जात, त्यांतल्या कित्येक आपल्याच माणसांच्या हातच्या.

मजुरांची भरती मध्ये काही वर्षे बंद पडली होती. 1842 साली ती पुन्हा खुली झाली तेव्हा मुंबई बंदरातूनही माणसे जाऊ लागली. कोकणातली, घाटावरची. कलकत्ता आणि मद्रास यांच्या मानाने ही संख्या थोडी. पाच वर्षांचा करार, महिन्याला पाच रुपये आणि शिधा: तांदूळ, डाळ, मीठ, थोडे तेल-तूप. एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायची, असा हिशेब होता. 1867 च्या कायद्यानंतर करार संपलेल्या माणसालासुद्धा छायाचित्र लावलेला परवाना खिशात बाळगावा लागे. तो नसला की भटक्या म्हणून तुरुंगात. या जाचाविरुद्ध 1871 साली अदोल्फ द प्लेव्हित्झ या गोऱ्या गृहस्थाने हिंदी मजुरांच्या 9,401 सह्यांचा अर्ज राणीकडे पाठविला, चौकशीसाठी आयोग बसला, आणि हळूहळू काही अन्याय दूर झाले. हळूहळूच, म्हणायला हवे.

मजूर उतरले की त्यांची नोंद होई. नाव, बापाचे नाव, गाव, जात, उंची, अंगावरची खूण; पुढे छायाचित्रही. ही वह्यांची थप्पी आज मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवली आहे. आपल्या पणजोबाचे गाव शोधायला तिथली माणसे येतात. कारकुनाने ऐकेल तसे नाव रोमन लिपीत उतरवले आणि पुढच्या पिढीला तेच आडनाव म्हणून चिकटले. म्हणून आजही तिथे आडनावाच्या जागी आपल्याकडची एकेकाळची पाळण्यातली नावे दिसतात, शेवटी ‘जी’ किंवा ‘राव’ लावलेली. बंदरातल्या ज्या पायऱ्यांवरून ही माणसे वर चढली, तो आप्रवासी घाट 2006 साली जागतिक वारसा झाला.

यांतली मराठी मंडळी पठारावर वाक्वाच्या आसपास, हेन्रिएटाकडे, आणि खाली काळ्या नदीच्या बाजूला कास्काव्हेलसारख्या गावांत वसली. म्हणजे पाहा, ज्या कड्यावरून तामारिनचे पाणी उडी घेते, त्याच्या वरही आपली माणसे आणि खालीही आपलीच. 1896 साली हेन्रिएटा येथे एका मराठी कुटुंबाने पहिला गणपती बसवला, असे तिथे सांगितले जाते. धबधब्याच्या शेजारी, उसाच्या मळ्याच्या बांधावर! आपल्याकडे लोकमान्यांनी सार्वजनिक उत्सवाला चालना देऊन तेव्हा दोन-चार वर्षेच झाली होती. आज तिथे गणेश चतुर्थीला साऱ्या देशाला सुट्टी असते. मात्र भाद्रपद तिथे हिवाळ्याच्या अखेरीस येतो. चिखल नाही, आघाडा-दूर्वा शोधत भिजणे नाही. आरती मराठीत, बोलणे क्रिओलमध्ये. विसर्जन नदीत नाहीतर तामारिनच्या खाडीसारख्या किनाऱ्यावर. कोकणातल्या जाखडी नाचाला तिथे ‘झाकरी’ म्हणतात, आणि आपल्याकडे कित्येक गावांत जे बंद पडले ते तिथे अजून चालते. मला विचाराल तर मॉरिशसला गेलेल्या मराठी माणसाने सात रंगांची माती एक वेळ पाहू नये, पण झाकरी ऐकल्याशिवाय परतू नये.

धबधब्याच्या पाण्याचे पुढे काय झाले, हेही सांगायला हवे. वर बांध पडले. तामारिनच्या कड्यांपाशी जलाशय झाला, पाणी नळांतून खाली नेऊन वीज करू लागले आणि सुटलेले पाणी उसाला देऊ लागले. बेटावर पाण्यापासून वीज करण्याच्या कामात विसाव्या शतकाच्या आरंभी पुढाकार घेतला तो अमोद इब्राहिम आचिया या हिंदी वंशाच्या उद्योजकाने. रेदुई येथील वीजघराला त्यांचे नाव दिले आहे. आज देशाच्या विजेत पाण्याचा वाटा लहानसाच आहे. पण पाणी अडवल्यामुळे कोरड्या दिवसांत सातांतल्या काही धारा बारीक होतात, आणि प्रवासी हिरमुसतात. शेतकऱ्याला विचारा, तो हिरमुसणार नाही. पश्चिमेच्या कोरड्या पट्ट्यात पाणी पोचले ते असेच.

दक्षिणेला सुयाक गावाजवळ रॉचेस्टर धबधबा आहे. उंची थोडी, पण तिथला कातळ पाहण्याजोगा: उभ्या चौकोनी-षट्कोनी खांबांची भिंतच. लाव्हा निवताना असे खांब पडतात. मुंबईत अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीवर हाच प्रकार दिसतो. उसाच्या शेतांमधल्या धुळीच्या वाटेने तिथे जावे लागते. वाटेत बांधावर दगडांचे मोठमोठे ढीग रचलेले दिसतात. असे ढीग बेटावर जागोजाग आहेत. ऊस लावण्यासाठी शेतातला एकेक काळा दगड उचलून कडेला टाकावा लागला, त्याचे हे ढीग. आधी गुलामांनी उचलले, मग करारावर आलेल्या आपल्या माणसांनी. फोटोत ते सहसा येत नाहीत, कारण फोटो काढणाऱ्याचे तोंड धबधब्याकडे असते.

तिथे 1 फेब्रुवारीला गुलामगिरी संपल्याची सुट्टी असते आणि 2 नोव्हेंबरला हिंदी मजूर उतरल्याची. शिक्षकांना या दोन तारखा फळ्यावर लिहिता येतील. आणि कोकणातल्या किंवा घाटावरच्या एखाद्या घरात जुनी माणसे अजून सांगत असतील, की आमच्यातला एकजण ‘मिरिच’ला गेला तो आलाच नाही. मॉरिशसला त्या काळी मजूर ‘मिरिच’ म्हणत. असे कोणी सांगणारे तुमच्या गावात असेल, तर नाव आणि अंदाजाचे साल एका वहीत उतरवून ठेवा. मोक्याच्या त्या थप्पीत दुसरी बाजू लिहिलेली असण्याचा पुष्कळ संभव आहे.